कबरी वेल

ती वेल मी आणली. आता घरात आणि गल्लीत सगळे तिला ताईंची वेल म्हणतात, आणि ते खरंही आहे. पण आणली मी.

संगमनेरात कॉलेजच्या मैदानावर शेतीचं प्रदर्शन भरलं होतं. ट्रॅक्टर, ठिबकच्या नळ्या, कडबाकुट्टीची यंत्रं यांच्या गर्दीतून वाट काढत मी अगदी शेवटच्या रांगेतल्या नर्सरीच्या स्टॉलवर पोचले. गेटशेजारच्या भिंतीवर चढवायला मला काहीतरी हवं होतं. मोगरा, जाई, मधुमालती आमच्या गल्लीत घरोघरी आहे. मला कुणाकडे नाही ते हवं होतं. स्टॉलवरच्या बाईंनी एक काळी पिशवी पुढे सरकवली. द्राक्षासारखी कातरलेली पानं, पण हिरवा रंग मधूनमधूनच. बाकी दुधासारखा पांढरा, कुठे शिंतोडे उडाल्यासारखा, तर कुठे अर्धं पान व्यापून. कोवळ्या शेंड्यांना गुलाबी झाक होती.

"द्राक्षाची लांबची बहीण समजा," बाई म्हणाल्या. "पण खायची नाही, नुसती शोभेची. थंडीत सगळी पानं गाळते, तेव्हा घाबरायचं नाही. ऊन तापायला लागलं की परत फुटते. आणि दुपारचं ऊन टाळा, पांढऱ्या भागाला ते सोसत नाही."

त्यांनी तिचं इंग्रजी नावही सांगितलं. स्कूटर सुरू करेपर्यंत मी ते विसरले होते. पिशवी पायांपाशी ठेवून मी निघाले. प्रवरेच्या पुलावर वारा होता, पानं उलटसुलट होत होती आणि मी अगदी खूश होते.

गेट ताईंनी उघडलं.

ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. वयाने त्या माझ्याहून मोठ्या आणि नात्याने मी वहिनी, म्हणून आम्ही दोघी पहिल्यापासून एकमेकींना अहो-जाहो करत आलो. त्यांचं लग्न झालं नाही. दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत त्या नोकरी करतात. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या या घरात होत्याच. खरं म्हणजे त्यांच्या घरात मी आले.

त्यांना कोड आहे. कॉलेजात असताना बोटांच्या टोकांवर सुरू झालं, मग मनगटापर्यंत चढलं, मग ओठांच्या कडा, डोळ्यांभोवती, पावलांवर. पुण्याचे डॉक्टर झाले, नाशिकचे वैद्य झाले, बावचीचं तेल लावून उन्हात बसणं झालं, त्याने अंगावर फोड आले तेही झालं. आंबट बंद, मासे बंद, दही बंद. शेवटी सासूबाई वारल्यावर एक दिवस ताईंनी सगळ्या बाटल्या पिशवीत भरून टाकून दिल्या आणि त्या दिवशी जेवताना वाटीभर दही खाल्लं. हे मला आठवतं, कारण ती वाटी मी वाढली होती. नोकरीच्या सुरुवातीला त्या हातमोजे घालून जात. पुढे तेही सोडलं. घरात यावर कधीच बोललं जात नसे. आम्हा सगळ्यांना त्याची सवय झाली आहे, असं मी समजत होते.

ताईंनी वाकून पिशवी उचलली आणि दुसऱ्या हाताने एक पान बोटांवर घेऊन न्याहाळलं. पांढऱ्या बोटांवर ते पांढरं-हिरवं पान. तेव्हा मला दिसलं. स्टॉलवर दिसलं नव्हतं, पुलावर दिसलं नव्हतं. 

"छान आहे," त्या म्हणाल्या. "कुठे लावायची?"

"बघू," मी म्हणाले. "शेजारच्या काकूंना देईन बहुतेक. त्यांनी सांगून ठेवलं होतं." कुणीही काही सांगून ठेवलं नव्हतं.

"त्यांना दुसरी आणा की. ही राहू द्या आपल्याकडे." आणि त्या कुदळ आणायला मागे गेल्यासुद्धा.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी, ताई कामावर गेल्यावर, मी नवऱ्याला सांगितलं. ते पेपर वाचत होते. "तुझ्या डोक्यात काहीही येतं," ते म्हणाले. मग पोहे खाता खाता त्यांनी दारातून भिंतीकडे बघितलं, थोडा वेळ बघत राहिले, आणि पुन्हा पेपरात तोंड घातलं. त्यानंतर मी त्यांना त्या वेलीकडे बघताना क्वचितच पाहिलं. गेटमधून येता-जाता ते दुसऱ्या बाजूला बघत. मी माझी बोच त्यांच्याही गळ्यात बांधली होती.

ताईंनी वेल गेटशेजारच्या पूर्वेच्या भिंतीला लावली. तीन तारा आडव्या ओढून घेतल्या. सकाळी डेअरीत जायच्या आधी पाणी, संध्याकाळी आल्यावर शेंडे तारेला गुंडाळणं. वैशाखात उन्हाने पांढरे भाग करपायला लागले. कडा तपकिरी होऊन कागदासारख्या चुरगळत. नर्सरीतल्या बाईंनी सांगितलेलं मला पाठ होतं. पण ते वाक्य ताईंसमोर उच्चारायचं कसं, ते मला कळेना. ताई स्वतः बाहेर पडताना उन्हाळाभर पूर्ण बाह्या घालतात, छत्री घेतात. मी गप्प बसले आणि पानं करपत राहिली.

शेवटी त्यांनीच विचारलं, "वहिनी, घेताना त्या बाई काही म्हणाल्या होत्या का उन्हाबद्दल?"

"हो, म्हणजे, दुपारचं नको म्हणाल्या होत्या."

"मग सांगायचं नाही का? अर्धी वेल गेली." त्या रागावल्या नव्हत्या, पण त्यांना नवल वाटलं होतं. त्याच संध्याकाळी त्यांनी हिरवी शेडनेट आणून भिंतीवर बांधली.

पावसाळ्यात वेल जोरात वाढली. आषाढात खर्ड्याहून नवऱ्याची मामी आली होती, डोळे दाखवायला. मामींचं बोलणं मोकळं आणि आवाज मोठा. गेटमधून आत येतानाच त्या वेलीपाशी थांबल्या.

"आगं, ही काय येल लावली गं? सगळी पानं पांढरी. कोड आल्यागत दिसतीया."

मी हातातली पिशवी खाली ठेवली. ताई माझ्या मागेच उभ्या होत्या.

"तशीच असते ती, मामी," ताई म्हणाल्या. "जातच तशी."

"व्हय का? मला वाटलं रोग पडला. औषीद मारा म्हननार हुते." मामींनी पानाला हात लावून पाहिला. "लई मऊ हाय की." आणि त्या आत गेल्या, चहा मागितला, डोळ्यांचं सांगत बसल्या. ताई त्यांच्याशेजारी बसून हसत होत्या. मी मात्र स्वयंपाकघरात आधण ठेवून उभी राहिले ती पाणी आटेपर्यंत. मामींचा मला राग आला होता. पण मामींनी जे पाहिलं, ते तोंडाने बोलून त्या मोकळ्या झाल्या. मी तेच रोज सकाळी पाहत होते, आणि कुणाला कळू देत नव्हते.

त्याच सुमाराला वेलीला एक फांदी पूर्ण हिरवी फुटली. एकही पांढरा ठिपका नाही. ती बाकीच्यांपेक्षा जोमाने वाढत होती, बघता बघता वरच्या तारेला पोचली. मला केवढं बरं वाटलं. ताई घरी नसताना मी ती फांदी सोडवून पुढच्या बाजूला आणली, तारेला नीट बांधली, पांढऱ्या पानांच्या वरून पसरवली. मनात हिशेब असा की हळूहळू सगळी वेलच हिरवी होऊन जाईल आणि कुणालाच काही करावं लागणार नाही. ताई संध्याकाळी यायच्या, बघायच्या. नंतर दोनदा ती फांदी मागे गेलेली दिसली, दोन्ही वेळा मी ती पुन्हा पुढे बांधली.

दिवाळी झाली आणि मुलीला बघायला पाहुणे येणार असं ठरलं. आमची मुलगी एकुलती एक, पुण्याला नोकरी करते. स्थळ कोपरगावकडचं होतं, मुलगा इंजिनीअर, घरी शेती. पत्रिका जुळली होती. मुलगी म्हणाली, "बघून तर घेते." तेवढ्यानेही आम्ही हुरळलो.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी ताई मला म्हणाल्या, "वहिनी, उद्या मी बेलापूरला जाऊन येते. मैत्रीण कधीची बोलावतेय."

मी चकल्या डब्यात भरत होते. माझा हात थांबला, इतकंच. ताई उत्तरासाठी उभ्या होत्या असं नाही, पण त्या लगेच गेल्याही नाहीत. मला कळलं होतं. त्यांनाही कळलं होतं की मला कळलं आहे. "उद्याच?" असं एकदा म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी म्हणाले, "बरं. चकल्या घेऊन जा थोड्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या एसटीने गेल्या. जाण्याआधी वेलीला पाणी घातलं, गेटबाहेर सडा घातला, रांगोळीसुद्धा काढली.

पाहुणे दुपारी आले. मुलगा, त्याचे आईवडील आणि एक काका. मुलाची आई गेटमध्येच थबकली. थंडी नुकतीच पडायला लागली होती आणि त्या दिवसांत ती पानं सर्वांत सुंदर दिसतात, पांढऱ्यावर गुलाबी रंग चढतो.

"किती देखणी वेल आहे," त्या म्हणाल्या. "अशी पानं मी कुठे पाहिली नाहीत. हा पांढरा रंग तर बघा." त्यांनी नवऱ्याला हाक मारून दाखवली, मुलाला फोटो काढायला लावला. आत येऊन बसल्यावरही तेच बोलणं. "कोणाची हौस ही? तुमची का?"

माझा नवरा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणाले, "आमच्या घरात सगळ्यांनाच हौस आहे झाडांची."

मुलगी तेव्हा चहाचा ट्रे घेऊन आली होती. तिने तो टीपॉयवर ठेवला. "आत्याने लावलीय ती," ती म्हणाली. "माझी आत्या. आमच्याबरोबरच राहते. आज ती इथे नाही."

"असं होय," मुलाची आई म्हणाली. "पुढच्या वेळी भेट होईल."

निघताना त्यांनी दोन काड्या मागितल्या. मी छाटणीच्या कात्रीने छान रंगीत पानांच्या दोन कोवळ्या फांद्या कापल्या, ओल्या कागदात गुंडाळून दिल्या. गाडी वळल्यावर मुलीने मला विचारलं, "आत्या का गेली आज?"

"मैत्रिणीकडे."

"आई," ती म्हणाली, आणि आत गेली.

संध्याकाळी ताई आल्या. कसं झालं ते सगळं विचारलं. काड्यांचं सांगितल्यावर म्हणाल्या, "कोवळ्या का दिल्या? पिकलेली, पेन्सिलीएवढी काडी द्यायची, ती जगते." मग हातपाय धुवायला गेल्या. रात्रीच्या जेवणाला त्यांनी भाकरी थापल्या, माझ्या हाताला भाजलं होतं म्हणून. भाजलं कुठेच नव्हतं. मला भाकरी थापत बसणं जमत नव्हतं, म्हणून तसं सांगितलं होतं.

कोपरगावहून निरोप आला, मुलगी पसंत आहे, पौष संपला की पुढचं बोलू.

पौषात वेल उघडी पडली. पानं पिवळी होऊन भिंतीखाली साचली, ताई रोज ती गोळा करून मागच्या खड्ड्यात टाकत. उरल्या तपकिरी वाळक्या काड्या. गाळते हे मला माहीत असूनही मी एकदा म्हणून बघितलं, "ताई, मेली वाटतं. काढून टाकू या का? संक्रांत होईल, लग्नघर होईल, बरं दिसत नाही."

ताईंनी नखाने काडीची साल जराशी खरवडून मला दाखवली. आत हिरवं होतं. "झोपलीय," त्या म्हणाल्या.

संक्रांतीनंतरच्या रविवारी त्या छाटणीला बसल्या. मी अंगणात गहू निवडत होते. त्यांनी काड्या एकेक करून तपासल्या आणि सर्वांत जाड, सर्वांत लांब गेलेली काडी बुडातून कापली. ती माझी हिरवी फांदी होती. पानं नव्हती तरी मला ती ओळखू आली, मीच तर ती बांधली होती.

"ताई, ती नका कापू. चांगली फांदी होती ती."

"चांगली म्हणजे?"

मी गव्हातले खडे वेचत राहिले.

"हिरवी ठेवली तर सगळी ताकद ती खाते," ताई म्हणाल्या. "मग पांढरी राहत नाहीत. मी दोन वेळा मागे नेऊन ठेवली आणि दोन्ही वेळा कुणीतरी पुढे आणून बांधली." त्या कात्री पुसत होत्या. "तुम्हीच ना?"

"हो."

"का?"

मी भडाभडा बोलायला लागले. प्रदर्शनापासून सांगितलं. मी बघितलं नव्हतं, माझ्या लक्षात आलं नव्हतं, नंतर आलं तेव्हा उशीर झाला होता, मामी तसं बोलल्या तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, मी तुम्हाला त्रास व्हावा म्हणून नाही हो आणली. ताई ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी बदललं. मला वाटलं डोळ्यांत पाणी येईल. तसं काही झालं नाही.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "तुम्हाला ही पानं बघून मी आठवते. मला पानं बघून पानं दिसतात."

अंगणात कावळा गव्हावर उतरत होता, मी त्याला हाकललंही नाही.

"इतकी वर्षं मला वाटत होतं," ताई म्हणाल्या, "की निदान तुमच्या डोळ्यांना ते आता दिसत नाही."

 त्यावर मी बोलले ते आणखी वाईट. म्हणाले, "आणि त्या दिवशी तुम्ही बेलापूरला गेलात. मी अडवायला हवं होतं."

"मी थांबले नसते," त्या म्हणाल्या. "पाहुणे चहा घेताना माझ्या हाताकडे बघतात, मग बघायचं नाही म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतात. मला आता कंटाळा येतो त्याचा. मी जाणारच होते." त्यांनी कापलेली फांदी गुंडाळून वेटोळं केलं. "पण तुम्ही एकदा थांबा म्हणाला असतात, तर बरं वाटलं असतं."

त्यांनी छाटणी पुरी केली. मीही गहू पुरे केले. दुपारी आम्ही एकत्र जेवलो, नेहमीसारख्या.

मला ते सहन होईना. कुठेतरी काहीतरी भरपाई करावी असं दिवसरात्र वाटत राहिलं. आणि भरपाई करायची म्हणून मी जे केलं, त्याने आणखी एक ओझं वाढलं. माघ लागल्यावर कोपरगावहून मुलाच्या आईचा फोन आला, कधी यायचं ते ठरवायला. बोलता बोलता मी म्हणाले, "एक सांगायचं होतं. माझ्या नणंदेला कोड आहे. मागच्या वेळी त्या घरी नव्हत्या, म्हणून आधीच सांगते. लपवायचं नाही आम्हाला."

 मग त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. यांच्या कानावर घालते आणि कळवते."

कळवलं ते असं की, पत्रिका दुसऱ्या गुरुजींना दाखवली, एकनाड निघते आहे.

मी मुलीला फोन करून खरं ते सांगितलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, आई, तू प्रामाणिक वागलीस.  "स्थळ गेलं त्याचं मला काही नाही," ती म्हणाली. "पण तू त्यांना बाबांच्या शुगरचं सांगितलंस?"

"नाही."

"तुझ्या गुडघ्याचं?"

"अगं, ते वेगळं."

"आत्याला विचारलं होतंस, तिचं सांगण्याआधी?"

नव्हतं विचारलं. लपवलं तेव्हाही त्यांना विचारलं नव्हतं, आणि सांगितलं तेव्हाही नाही. दोन्ही वेळा माझंच मन हलकं करण्याची धडपड चालली होती.

ताईंना मी पत्रिकेचंच कारण सांगितलं. त्या डेअरीतून नुकत्याच आल्या होत्या, डबा घासत होत्या. "आधी जुळली होती ना?" त्या म्हणाल्या. मी "दुसरे गुरुजी" वगैरे सांगत राहिले. त्यांनी डबा पालथा घातला आणि विषय बदलला. पुढे कित्येक दिवस त्या मुलीशी फोनवर बोलताना पूर्वीसारख्या जोराने हसत नव्हत्या. त्या स्वतःला दोष देत होत्या की काय, हे विचारायची मला हिंमत झाली नाही. विचारलं असतं तर मी काय केलं तेही सांगावं लागलं असतं.

वेल फुटली. होळीच्या आसपास काड्यांवरचे डोळे फुगले आणि पाडव्याला सगळ्या तारांवर बारीक पानं होती, आधी गुलाबी, मग पांढरी. गल्लीतल्या बायका काड्या मागायला यायच्या, ताई पिशव्यांत रोपं करून द्यायच्या. मी पाणी घालायला लागले, ताईंना सकाळी घाई असली की. पानाला हात लावताना ते नुसतं पान म्हणून बघायचा प्रयत्न करत असे. प्रयत्न करावा लागतो, यातच सगळं आलं.

पावसाळ्यात एका सकाळी माझ्या मोबाईलवर एक फोटो आला. कोपरगावच्या त्या बाईंनी पाठवला होता. त्यांच्या बंगल्याच्या पोर्चवर आमची वेल, खांबाला गुंडाळून छतापर्यंत गेलेली. खाली लिहिलं होतं, दोनपैकी एक जगली बरं का, येणारे-जाणारे विचारतात कुठून आणली. मोबाईल ओट्यावर होता, ताई शेजारी भाजी चिरत होत्या. मी झाकायच्या आत त्यांनी पाहिलं.

"त्यांच्याकडची का?"

"हो."

त्यांनी हात पुसून फोटो मोठा करून पाहिला. बराच वेळ बघत होत्या. "उजव्या बाजूला एक हिरवी फुटलीय," त्या म्हणाल्या. "काढायला सांगा त्यांना. नाहीतर पुढच्या वर्षी सगळी हिरवी होईल."

मी "हो" म्हटलं. त्या बाईंना मी काहीच कळवलं नाही. ते सांगायला हवं होतं की नको होतं, याचा मला अजून निवाडा करता येत नाही. ताईंनी नंतर एकदा विचारलं, "सांगितलंत ना?" आणि मी खोटंच सांगितलं.

या वर्षी मुलीने स्वतःच एक मुलगा घरी आणायचं ठरवलं. तिच्या ऑफिसातला, साताऱ्याकडचा. पत्रिका वगैरे काही नाही, "जेवायला येतोय" एवढंच तिने कळवलं. ठरलेल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी मी ताईंच्या खोलीत गेले. त्या गाद्यांना अभ्रे घालत होत्या.

"ताई, उद्या घरीच थांबा. तुम्ही असाल तरच मी त्याला जेवायला वाढेन."

मला ते बोलायला फार कष्ट पडले होते. ताई हसल्या. "उद्या डेअरीत ऑडिट आहे, वहिनी. रजा नाही मिळायची."

ऑडिट होतं की नव्हतं, मला माहीत नाही. डेअरीत फोन करून विचारता आलं असतं, त्यांच्याबरोबरच्या एक बाई माझ्या ओळखीच्या आहेत. मी फोन केला नाही. खरं निघालं असतं तर मी उगाच संशय घेतला असं झालं असतं, आणि खोटं निघालं असतं तर मग मी काय करणार होते?

मुलगा आला, जेवला. माझ्या नवऱ्याशी क्रिकेटवर बोलला. दुपार टळून गेली तरी मुलगी त्याला निघू देईना. कधी फोटो दाखव, कधी गच्ची दाखव, कधी परत चहा. तिच्या मनात काय आहे ते माझ्या लक्षात आलं होतं. नेहमीच्या वेळेला गेट वाजलं. ताई आत आल्या, छत्री कोपऱ्यात ठेवली, चपला काढल्या. मुलगा उठून उभा राहिला.

"ही आत्या," मुलगी म्हणाली.

त्याने वाकून नमस्कार केला. ताईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, "बसा, बसा, जेवण झालं ना नीट?" म्हणाल्या. तो काहीतरी उत्तर देत होता. मला ते ऐकू आलं नाही, कारण मी त्याच्या डोळ्यांकडे बघत होते. ते ताईंच्या हातावर जातात का, किती वेळ थांबतात, मग कुठे वळतात.

नजर वळवली तेव्हा ताई माझ्याकडे बघत होत्या.